अकिलीस कंडरेची दुरुस्ती आणि पोटरीचे बल : संशोधनातील मानदंडांचा परामर्श

टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली असता ती शस्त्रक्रियेने शिवावी, की पाऊल योग्य स्थितीत बांधून तिला आपोआप जुळू द्यावे, हा अस्थिशल्यचिकित्सेतील दीर्घकाळ चाललेला वाद आहे. ह्या वादावर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झालेल्या लेखनाचा विस्तार मोठा आहे. यादृच्छिक वाटपाच्या चाचण्या आहेत, त्या चाचण्यांची एकत्रित परीक्षणे आहेत, आणि त्या परीक्षणांचीही परीक्षणे आहेत. एवढ्या लेखनानंतरही निर्णय लागत नाही, तेव्हा दोष पुराव्याच्या अपुरेपणात आहे की प्रश्नाच्या मांडणीतच आहे, हे तपासून पाहणे प्राप्त होते. ही मांडणी मुख्यतः एका मानदंडावर उभी राहिली : जुळलेली कंडरा पुन्हा तुटली की नाही. हा मानदंड दोरीला लावावयाचा आहे. मनुष्य टाच उचलतो ती मात्र ही दोरी ज्याला बांधलेली आहे त्या पोटरीच्या स्नायूच्या बळावर. त्या स्नायूचे पुढे काय झाले, हा प्रश्न ह्या साहित्यात फार काळ दुय्यम राहिला. आणि ज्या थोड्या संशोधकांनी तो विचारला त्यांची उत्तरे वादातील दोन्ही पक्षांना गैरसोयीची ठरली.

पोटरीचा हा स्नायुसमूह तीन मुखांचा आहे. वर दिसणारा दुपदरी गॅस्ट्रॉक्नेमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो, आणि म्हणून गुडघा व घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली झाकलेला रुंद, चपटा सोलियस गुडघ्याखालच्या हाडांपासून निघतो व त्याचा संबंध घोट्याशीच येतो. दोघेही खाली एकाच कंडरेत विलीन होतात. पोटरीचा गोलवा म्हणून जो डोळ्यांत भरतो तो गॅस्ट्रॉक्नेमियसचा. आकारमानाने मोठा आहे तो सोलियस. त्याचे तंतू बहुतांशी मंद गतीचे व सहसा न थकणारे असून उभे राहणे, चालणे अशा दिवसभर चालणाऱ्या कामांचा भार प्रामुख्याने त्याच्यावर पडतो. त्याची रचनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. पिसाच्या दांड्याला जसे केस तिरपे चिकटलेले असतात, तसे ह्या स्नायूचे आखूड तंतू फार मोठ्या संख्येने तिरकस बसविलेले आहेत. त्यामुळे त्याचे बल प्रचंड, पण आक्रसण्याचा पल्ला थोडा. २००९ मध्ये वॉर्ड, लीबर आदी संशोधकांनी मृतदेहांच्या पायांवर केलेल्या मोजणीत सोलियसच्या तंतूंची सरासरी लांबी सुमारे ४.४ सेंटिमीटर, आणि गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतील मुखाच्या तंतूंची सुमारे ५.१ सेंटिमीटर भरली. पुढील विवेचनात हे दोन आकडे उपयोगी पडणार आहेत.

कंडरेला अकिलीसचे नाव चिकटले ते फ्लेमिश शरीररचनाकार फिलिप वेरहेयन ह्यांच्या १६९३ च्या ग्रंथापासून, असे सामान्यतः मानले जाते. होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीसच्या दुबळ्या टाचेचा उल्लेखच नाही. उलट बाविसाव्या सर्गात अकिलीसच हेक्टरच्या दोन्ही टाचांमागच्या कंडरा भोसकून त्यांतून वाद्या ओवतो आणि त्याचे प्रेत रथामागून फरफटत नेतो. टाचेच्या दौर्बल्याची कथा पुष्कळ नंतरची. नावामुळे एक मात्र झाले. कंडरेला चरित्र लाभले, आणि तिला ओढणारा स्नायू निनावी राहिला.

१७६७ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर ह्यांची स्वतःचीच अकिलीस कंडरा तुटली. त्यांनी ती शिवली नाही. टाच उंच राहील अशा बेताने पाय बांधून त्यांनी ती जुळू दिली, आणि पुढे कुत्र्यांच्या कंडरा छेदून त्या कोणत्या क्रमाने सांधतात ह्याचे निरीक्षण केले. टाच उंच ठेवून तुटलेली टोके एकमेकांजवळ आणणे हे विनाशस्त्र उपचाराचे सूत्र तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. शस्त्रक्रियेनंतरही पहिले काही आठवडे पाऊल बहुधा ह्याच स्थितीत ठेवतात. कंडरेच्या दृष्टीने ही स्थिती हिताची आहे. ह्या स्थितीत स्नायू मात्र आखडलेला राहतो. ह्या गोष्टीचे महत्त्व हंटरनंतर दोन शतके कोणी फारसे ओळखले नाही.

आता चाचण्यांकडे वळू गेल्यास प्रथम निस्टोर ह्यांचे नाव घ्यावे लागते. १९८१ मध्ये स्वीडनमधील १०५ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या तुलनेत शस्त्रक्रिया आणि प्लास्टर ह्यांच्या फलितात फरक थोडा आढळला, आणि त्यांनी कौल विनाशस्त्र उपचाराच्या बाजूने दिला. २००१ मध्ये स्वीडनमध्येच मोलर आदींनी ११२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत प्लास्टरमध्ये ठेवलेल्यांपैकी २०.८ टक्क्यांची कंडरा पुन्हा तुटली, तर शिवलेल्यांपैकी केवळ १.७ टक्क्यांची, साहजिकच लंबक शस्त्रक्रियेकडे झुकला. २०१० मध्ये कॅनडातील विलिट्स आदींनी १४४ रुग्णांच्या दोन्ही गटांना लवकर भार घेण्यास व मर्यादित हालचाल करण्यास लावले, तेव्हा पुनर्विच्छेद शिवलेल्या गटात दोन व न शिवलेल्या गटात तीन एवढेच झाले. लंबक पुन्हा मध्यावर आला. ह्या चाचणीने एक मोलाची गोष्ट शिकविली ती नाकारता येणार नाही : टाका घातला की नाही ह्यापेक्षा नंतरच्या आठवड्यांत पायाला काय करू दिले, ह्याला कदाचित अधिक महत्त्व असावे. पण वाद मिटला नाही. २०२२ मध्ये नॉर्वेतील मिर्वोल्ड आदींची ५५४ रुग्णांची चाचणी आली. उघडी शस्त्रक्रिया, लहान छेदाची शस्त्रक्रिया आणि विनाशस्त्र उपचार असे तिचे तीन गट होते. पुनर्विच्छेदाचे प्रमाण विनाशस्त्र गटात ६.२ टक्के, तर दोन्ही शस्त्रक्रियांच्या गटांत प्रत्येकी ०.६ टक्के भरले. मज्जातंतूंना इजा मात्र शस्त्रक्रियांच्या गटांत अधिक झाली. आणि चाचणीचा जो मुख्य मानदंड, म्हणजे रुग्णाने स्वतः भरावयाची गुणपत्रिका, तिच्यात वर्षाअखेर तिन्ही गटांत अर्थपूर्ण अंतर आढळले नाही.

ह्या गुणपत्रिकेचा थोडा परिचय करून घेणे इष्ट आहे. २००७ मध्ये स्वीडनच्या निल्सन-हेलांडर आदींनी ती तयार केली. तीत दहा प्रश्न असून एकूण गुण १०० आहेत. पोटरी, कंडरा वा पाऊल ह्यांत शक्ती कमी वाटते काय, ती लवकर थकतात काय, ताठरपणा वा वेदना आहे काय, खडबडीत जमिनीवर चालताना, जिना किंवा चढ भराभर चढताना, धावताना, उडी मारताना, अंगमेहनतीचे काम करताना अडचण येते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. गुणपत्रिका काळजीपूर्वक पारखलेली आहे, आणि रुग्णाचा अनुभव मोजण्याची तिची दृष्टी योग्यच आहे. तिची मर्यादा निराळीकडे आहे. दुखापतीनंतर माणूस आपले आयुष्य दुखऱ्या पायाच्या मापाने नव्याने बेततो. जो धावणे सोडून देतो त्याला धावताना अडचण येण्याचे कारण उरत नाही; जो जिन्याच्या कठड्याला हात लावून चढू लागतो त्याला काही दिवसांनी त्या हाताचे भानही राहत नाही. अशा रुग्णाचे उत्तर प्रामाणिक असते, आणि तरीही त्याच्या पोटरीविषयी ते फारसे काही सांगत नाही.

पोटरीला थेट विचारावयाचे तर त्याला एक साधा मार्ग आहे. मराठीत उत्कंठेने पाहण्याला टाचा उंचावून पाहणे म्हणतात. चाचणी तेवढीच आहे, मात्र एका पायावर. रुग्णाने दुखऱ्या पायावर उभे राहून टाच उचलावी, खाली टेकवावी, पुन्हा उचलावी. बहुतेक दवाखान्यांतून ही चाचणी होते, पण मोजली जाते ती संख्या : वीस वेळा, पंचवीस वेळा. संख्या ही फसवी गोष्ट आहे. टाच निम्मीच उचलून पंचविसाचा आकडा गाठता येतो. निल्सन-हेलांडर, सिल्बरनागेल व त्यांचे सहकारी ह्यांनी संख्येबरोबर उंचीही नोंदवावयास आरंभ केला, उंची व संख्या मिळून झालेले एकूण कार्य मोजले, तेव्हा निराळेच चित्र दिसू लागले. २०१२ मध्ये सिल्बरनागेल आदींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण केवळ आठ होते. परंतु त्यात टाचेच्या उंचीतील तूट आणि कंडरेची वाढलेली लांबी ह्यांचा संबंध एकाच रुग्णांत, कालक्रमाने दाखविलेला आहे. २०१८ मध्ये ब्रॉर्सन आदींनी ६६ रुग्ण दुखापतीनंतर सरासरी सात वर्षांनी तपासले. पोटरीच्या कामगिरीतील तूट तेव्हाही कायम होती. पहिल्या एक-दोन वर्षांत जे परत आले नाही ते पुढच्या पाच वर्षांतही आले नव्हते. 'काळच औषध' ही समजूत, निदान ह्या स्नायूपुरती, आधारहीन ठरते.

ह्या सर्व लेखनात फिनलंडमधील औलू येथील गटाचे कार्य सर्वांत विचारप्रवर्तक आहे, आणि त्याची दखल जेवढी घेतली जावयास हवी तेवढी घेतली गेलेली नाही. २०१७ मध्ये हायकिनेन आदींनी ५५ रुग्णांच्या दोन्ही पायांची एमआरआय तपासणी शस्त्रक्रियेनंतर तेरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर केली. हे सर्व रुग्ण शस्त्रक्रिया झालेले होते. म्हणजे कंडरा शिवून टोके नीट जुळविली गेली होती. तरीही दुखऱ्या पायाची कंडरा निरोगी पायाच्या कंडरेपेक्षा सरासरी १२ मिलिमीटर लांब भरली. सोलियसचे आकारमान १३ टक्के, गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतील मुखाचे १३ टक्के व बाहेरील मुखाचे ११ टक्के घटलेले होते. पाऊल खाली दाबण्याचे बल १२ ते १८ टक्क्यांनी कमी होते, आणि कंडरा जेवढी अधिक लांबलेली तेवढी बलाची तूट अधिक, असा मध्यम स्वरूपाचा सहसंबंधही दिसला.

ह्या १२ मिलिमीटरांची वासलात कशी लावावयाची, येथे खरा प्रश्न आहे. मूळ निबंधात ही वाढ कंडरेच्या एकूण लांबीच्या ६ टक्के म्हणून दिलेली आहे, आणि ६ टक्के हा आकडा वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटतो. पण हा भागाकार चुकीच्या छेदाने केलेला आहे. कंडरेत जो ढिलेपणा आला तो भरून काढावयाचा आहे स्नायूच्या तंतूंना, कंडरेला नव्हे. तेव्हा छेदस्थानी तंतूची लांबी घेतली पाहिजे. गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतील मुखाचा तंतू ५.१ सेंटिमीटरांचा धरला तर १२ मिलिमीटर म्हणजे त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. सोलियसच्या ४.४ सेंटिमीटरांच्या तंतूशी तुलना केली तर चौथ्या हिश्श्याहूनही अधिक. तंतू तिरकस असल्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. तिरपेपणा बदलून स्नायू काही ढिलेपणा पचवू शकतो, आणि मृतदेहावरील मोजणी जिवंत पायाला जशीच्या तशी लावता येत नाही. एवढी सूट देऊनही चित्राचे प्रमाण पालटते. सहा टक्के वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात स्नायूच्या सबंध कार्यक्षेत्राला हलविणारी आहे.

कार्यक्षेत्र हा शब्द येथे सैलपणे वापरलेला नाही. स्नायूचा तंतू सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म घटकांची एकापुढे एक रचलेली माळ असतो. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली व ज्यूलियन ह्यांनी बेडकाच्या तंतूवर दाखवून दिले की, सार्कोमिअर एका विशिष्ट लांबीवर असतानाच कमाल बल निर्माण होते. त्याहून ताणला किंवा त्याहून आखडला तर बल उतरते. दोरी लांबली की स्नायूला काम सुरू करण्यापूर्वीच काही अंतर व्यर्थ आक्रसावे लागते, आणि टाच पूर्ण वर जाण्याच्या वेळी, जेथे स्नायू आधीच सर्वाधिक आखूड असतो, तेथे त्याचा पल्ला संपलेला असतो. न्यूयॉर्कमधील मलेनी आदींनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या २० रुग्णांत नेमके हेच मोजले. पाऊल वर वळलेल्या स्थितीत दोन्ही पायांचे बल जवळजवळ सारखे होते. पाऊल खाली वळत गेले तसतशी तूट वाढत जाऊन शेवटी ती सुमारे एक तृतीयांशावर पोहोचली. ह्या निबंधाचा एक आनुषंगिक धडा असा की, बल मोजणाऱ्या यंत्रावर रुग्णाचा केवळ सर्वोच्च आकडा टिपला, तर तूट दिसणारच नाही, कारण सर्वोच्च आकडा जेथे मिळतो त्या स्थितीत तूट नसते. बल समान भरल्याचे निष्कर्ष वाचताना ते कोणत्या कोनात मोजले होते, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

स्नायू अशा ढिलेपणाशी जुळवून का घेत नाही? ह्यावर १९७२ चा फ्रेंच शास्त्रज्ञ ताबारी आदींचा मांजरांवरील प्रयोग नेहमी उद्धृत केला जातो. मांजराचा सोलियस आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला असता त्याच्या तंतूंतील सार्कोमिअरांची संख्या ४० टक्क्यांनी घटली. स्नायू आपल्या नव्या, आखूड जागेच्या मापाने स्वतःला बेतत होता. प्लास्टर काढल्यावर सुमारे चार आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. ह्या दुसऱ्या भागाचा दिलासा म्हणून उपयोग करण्याची प्रवृत्ती आहे. तो योग्य नाही. मांजराची कंडरा अखंड होती. प्लास्टर निघताच पाऊल मोकळे झाले, ताण परत आला, आणि त्या ताणानेच स्नायूला नवे सार्कोमिअर जोडण्यास भाग पाडले. मनुष्याची कंडरा मध्ये लांबलेली असेल, तर पाऊल मोकळे झाल्यावर येणारा ताण ती लांबलेली कंडराच गिळून टाकते. स्नायूपर्यंत तो पूर्ण मापाने पोहोचत नाही. ज्या संदेशाने स्नायूने पुन्हा वाढावयाचे तो संदेशच वाटेत हरवतो. ही मीमांसा प्रत्यक्ष प्रयोगाने पूर्णपणे सिद्ध झालेली नाही, हे खरे. परंतु २०१९ मध्ये अमेरिकेतील हलफिश आदींनी सोनोग्राफीने दाखविलेली गोष्ट तिच्याशी जुळते : कंडरा तुटल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात गॅस्ट्रॉक्नेमियसचे तंतू आखूड व अधिक तिरकस झालेले असतात. म्हणजे व्यायामाची चर्चा सुरू होण्याच्या आधीच स्नायूचे अर्धे पुनर्लेखन होऊन गेलेले असते.

सोलियसविषयीचा इशारा तर ह्याहून जुना आहे. स्टॉकहोमच्या हेगमार्क व एरिक्सन ह्यांनी १९७९ मध्येच, म्हणजे निस्टोर ह्यांच्या चाचणीच्या दोन वर्षे आधी, संगणकीय क्ष-किरण चित्रे व स्नायूचे सूक्ष्म नमुने ह्यांच्या साहाय्याने अकिलीस कंडरा तुटलेल्यांचा सोलियस खंगतो हे मांडले होते. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच स्नायूचे नाव आहे. पुढील तीन दशकांच्या वादाने ते शीर्षक वाचले, आणि चर्चा पुनर्विच्छेदाचीच केली.

मानदंड बदलला की निकाल कसा बदलतो, ह्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पुन्हा औलूचेच आहे. तेथे ६० रुग्णांची शस्त्रक्रिया विरुद्ध विनाशस्त्र अशी चाचणी झाली, आणि तिच्यावर दोन निबंध निघाले. २०१६ मध्ये लान्टो आदींनी लिहिले की, दीड वर्षानंतर घोट्याच्या गुणांकनात दोन गटांत फरक नाही. मात्र पोटरीचे बल शस्त्रक्रिया झालेल्यांत १० ते १८ टक्क्यांनी अधिक आहे. २०१७ मध्ये हायकिनेन आदींनी त्याच रुग्णांची एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा विनाशस्त्र गटात कंडरा अधिक लांबलेली व सोलियस अधिक खंगलेला दिसला. रुग्ण तेच, पाय तेच. गुणपत्रिका हाती घेतलेल्या वाचकाला बरोबरी दिसते. स्नायूकडे पाहणाऱ्याला अंतर दिसते. ह्यावरून शस्त्रक्रियेच्या पक्षाने विजयाचा घोष करावयाचे कारण नाही. तेरा वर्षांनंतर १२ मिलिमीटर लांबलेल्या ज्या कंडरांचा वर उल्लेख आला त्या सर्व शिवलेल्याच होत्या. शिवाय स्वित्झर्लंडमधील रॉसो आदींनी २०१३ मध्ये ५२ रुग्णांत उघडी शस्त्रक्रिया, त्वचेतून घातलेले टाके आणि विनाशस्त्र उपचार ह्यांची तुलना केली असता स्नायूच्या आकारमानात तिन्ही गटांत फरक आढळला नाही. दुखरी पोटरी तिन्हींत लहानच होती. टाक्याने हानी कमी होते काय ह्याविषयी पुरावा दुभंगलेला आहे. टाक्याने हानी टळत नाही, ह्याविषयी तो एकमुखी आहे.

ही हानी झाकून ठेवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. पोटरीचा घेर टेपाने मोजणे ही त्यांपैकी सर्वांत भाबडी. खंगलेल्या स्नायूत व त्याभोवती चरबी साठते आणि टेपाला मांस व चरबी ह्यांत भेद कळत नाही. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. पायाचा अंगठा खाली वाकविणारा एक लांब, खोल स्नायू नडगीमागून जातो. पोटरी दुबळी झाली की तो तिचे काम अंगावर घेऊ लागतो. औलूच्या दीर्घ पाहणीत सर्व स्नायू घटलेले असताना हाच एक ५ टक्क्यांनी वाढलेला निघाला. पाऊल खाली दाबण्याचे एकूण बल मोजले की त्यात ह्या मदतनिसाचा वाटा मिसळून जातो, आणि मूळ धन्याची दुर्बलता जेवढी आहे तेवढी दिसत नाही. तिसरी गोष्ट तुलनेच्या पायाची. जवळजवळ सर्वच अभ्यासांत रुग्णाचा निरोगी पाय हा शंभर टक्के धरला जातो. पण कित्येक महिने लंगडत, बेताने वावरलेल्या माणसाचा तो निरोगी पायही पूर्वीचा राहिलेला असतोच असे नाही. माप घेण्याची पट्टीच आखडली असेल तर कापड पुरेसे भरणारच.

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. रुग्ण समाधानी असेल, चालत-फिरत असेल, कामावर गेला असेल, तर त्याच्या सोलियसचे १३ टक्के गेले काय आणि राहिले काय? संशोधकाच्या यंत्राला जे दिसते पण रुग्णाला जे जाणवत नाही त्याला हानी का म्हणावे? बैठे काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसापुरते ह्या आक्षेपाला उत्तर नाही, आणि तसे मान्य केले पाहिजे. पण कंडरा काही फक्त बैठ्या माणसांचीच तुटत नाही. डोक्यावर ओझे घेऊन जिना चढणारा हमाल, शिडीवर चवड्यांवर तोल सांभाळणारा रंगारी, नर्तकी, क्रीडापटू ह्यांच्या बाबतीत टाच शेवटच्या दोन-तीन बोटांएवढी वर जाते की नाही ह्यावर उपजीविका अवलंबून असते. सरासरी काढताना हे सर्वजण एकाच रकान्यात बसविले जातात, आणि ज्याचे नुकसान मोठे त्याचा आवाज ज्याचे नुकसान नाही त्यांच्या गर्दीत बुडतो. साधने कोणाच्या जीवनावरून घडविली गेली, हाही प्रश्न येथे निघतोच. स्वीडिश गुणपत्रिकेच्या दहा प्रश्नांत उकिडवे बसण्याविषयी प्रश्न नाही. तो तेथे असावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल; पण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत शौचाला, भांडी घासावयास, शेतात खुरपणीला टाचा टेकवून उकिडवे बसावे लागते, आणि तेथील रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असणार. ह्या गुणपत्रिकेचे नुसते भाषांतर करून ती येथील पायांना लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मात्र उकिडवे बसण्याचा प्रश्न घातला म्हणजे काम भागले असेही नाही. त्यात एक फसगत दडलेली आहे. टाचा टेकवून उकिडवे बसण्यास पाऊल नडगीकडे भरपूर वळावे लागते, आणि लांबलेली कंडरा तसे वळू देण्यास अधिकच अनुकूल असते. ज्या रुग्णाची कंडरा नको तितकी लांबली आहे तो सहज उकिडवा बसेल, नातेवाईक समाधान मानतील, व्यायाम शिकविणाऱ्यालाही ते यश वाटेल. आणि तोच रुग्ण फळीवरचा डबा काढण्यासाठी त्या पायाच्या चवड्यावर उभा राहू शकणार नाही. उलट ज्याला सुरुवातीला बसताना थोडी ओढ जाणवते त्याची कंडरा कदाचित योग्य लांबीची असेल. पायाची लवचिकता परत आणण्याच्या उत्साहात पहिल्या काही महिन्यांत पाऊल बळाने वर दाबले जात असेल, तर त्या ताणाने प्रथम काय लांबते, स्नायू की नुकतीच सांधलेली कंडरा, ह्याचा विचार झाला पाहिजे.

पुनर्वसनाविषयी ह्या साहित्यातून जे निघते ते थोडे, पण स्पष्ट आहे. केवळ निश्चलता कंडरेचेही रक्षण करीत नाही. औलूच्याच कांगास आदींनी २००७ मध्ये ५० शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या कंडरांत धातूच्या खुणा ठेवून लांबी मोजली. लवकर हालचाल करू दिलेल्या गटात कंडरा प्लास्टरमध्ये बांधून ठेवलेल्या गटापेक्षा काहीशी कमीच लांबली, आणि ज्यांची कमी लांबली त्यांचे फलित चांगले होते. तेव्हा ताण आणि भार ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पाऊल खाली वळलेल्या स्थितीत स्नायूला काम देणे वेगळे, आणि पाऊल वर दाबून सांधा ओढणे वेगळे. सोलियससाठी बसून, गुडघा वाकवून टाच उचलण्याच्या व्यायामाला विशेष अर्थ आहे, कारण गुडघा वाकल्यावर गॅस्ट्रॉक्नेमियस ढिला पडतो आणि काम सोलियसकडे येते; उभ्याने केलेल्या व्यायामात तो जोडीदाराच्या आड लपू शकतो. ह्यापुढे जाऊन किती भार, कोणत्या आठवड्यापासून, दिवसातून किती वेळा, हे विचारले तर पुष्कळशा निबंधांत उत्तर सापडत नाही. शस्त्रक्रियेतील टाक्याचा प्रकार व धाग्याची जात हे दोन्ही काळजीपूर्वक नोंदविणारे लेखक व्यायामाची बोळवण एका वाक्यात करतात. औषधाची मात्रा न सांगता त्याचा गुण सांगण्यासारखे हे आहे, आणि निरनिराळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी न जुळण्याचे हे एक मोठे कारण असावे.

ही उणीव भरून काढण्यास सर्वत्र एमआरआयची आवश्यकता आहे असे नाही. भिंतीवर खुणा करून टाचेची उंची सेंटिमीटरांत लिहिणे कोणत्याही दवाखान्यात शक्य आहे. २०१३ मध्ये इंग्लंडमधील कारमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली आणखी एक पद्धत त्याहूनही सोपी आहे : रुग्णाला पालथे झोपवून गुडघा काटकोनात वाकवावयाचा, पाऊल सैल सोडावयास सांगावयाचे, आणि ते ज्या कोनात आपोआप स्थिरावते तो कोन दोन्ही पायांत मोजावयाचा. कंडरा लांबलेल्या बाजूचे पाऊल नडगीकडे अधिक झुकलेले दिसते. पहिल्या तीन महिन्यांत हा कोन नियमितपणे पाहिला, तर लांबण्याची प्रक्रिया चालू असतानाच तिचा सुगावा लागू शकेल. हा कोनही शेवटी कंडरेचीच वार्ता देतो, सोलियसची नव्हे. स्नायूसाठी टाचेची उंची मोजावीच लागेल, आणि ती मोजताना अंगठ्याची बोटे जमिनीत रुतत आहेत की नाही, इकडेही लक्ष द्यावे लागेल.